फलाश

आमच्या घरात शब्दांचे अर्थ सांगण्याचे खाते माझ्याकडे आहे. ज्याला खरोखर 'अर्थ' म्हणतात ते खाते लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात हिने आपल्याकडे घेतले. त्यापाठोपाठ गृह आणि अन्न व नागरी पुरवठाही गेला. राहता राहिले शब्द. त्यांना बाजारात भाव नसल्यामुळे ते बिनविरोध माझ्या वाट्याला आले. तेव्हापासून 'ऊहापोह'मधला 'ऊ' ऱ्हस्व की दीर्घ, असे प्रश्न माझ्या टेबलावर येतात आणि मी सही करून ते निकालात काढतो. बावन्न वर्षांत एकही प्रकरण तुंबले नव्हते. तुंबले ते गेल्या सुट्टीत, आणि तेही व्याह्यांच्या देखत, श्रीखंड वाढलेले असताना.

नातू इंग्रजी शाळेत जातो. त्याचे मराठी बिघडू नये म्हणून सुट्टीत त्याने रोज वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचायची, असा माझा नियम आहे. अग्रलेख त्याला झेपत नाही आणि मला पटत नाही, म्हणून आम्ही आतल्या पानावरच्या किरकोळ बातम्यांवर भागवतो. त्या दिवशी बातमी होती, 'तीन पानी जुगार खेळताना सात जण ताब्यात.' सात जण गोलाकार बसून पत्त्यांवर पैसे लावताना मिळून आले. रोख रक्कम, पत्त्यांचा कॅट आणि दोन मोटरसायकली जप्त. (जुगारी नेहमी गोलाकारच का बसतात, हे मला न उलगडलेले कोडे आहे. चौकोनी बसलेला जुगारी आजवर एकाही बातमीत मला मिळून आलेला नाही.)

"तीन पानी म्हणजे काय?" नातवाने विचारले.

"फ्लश," त्याच्या बापाने घास घेता घेता सांगितले.

"फ्लश? म्हणजे बाथरूममधला?"

विहीणबाईंची पुरी श्रीखंडात बुडाली ती वर येईना. हिने माझ्याकडे पाहिले. व्याह्यांनी पाहिले. सगळे पानावरून माझ्याकडे पाहू लागले. खाते माझे होते. मी घसा साफ करून म्हणालो, "त्याचं असं आहे..." आणि त्याचे कसे आहे हे आपल्याला मुळीच ठाऊक नाही, हे वाक्याच्या मध्यावर लक्षात आले. मी आयुष्यभर ज्याला फलाश म्हणत आलो, त्याला फलाश का म्हणतात हे मी एकदाही विचारले नव्हते.

त्यानंतरचे तीन दिवस मी शब्दकोशांत होतो. "पासबुक हरवलं तेव्हा एवढी शोधाशोध केली असती तर बरं झालं असतं," एवढेच ही म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, एका जुगाराच्या नावात काय एवढे शोधायचे? पण या खेळाला नाव एक नाही. मुंबई-पुण्याकडे तो तीन पानी किंवा तीन पत्ती. मराठवाड्यातल्या बातम्यांत तोच 'तिर्रट' होतो, आणि हे नाव वाचतानासुद्धा कुणीतरी पान आपटल्याचा आवाज येतो. क्लबात जाणाऱ्यांचा तो फ्लश. आणि गिरगावातल्या आमच्या चाळीत, जिथे इंग्रजी शब्दाला जिन्यावरच चपला काढून आत यावे लागे, तिथे तो फलाश. इतकी टोपणनावे एक तर लाडक्या मुलाला असतात, नाही तर पोलिसांना हव्या असलेल्या माणसाला. या खेळाला दोन्ही लागू आहे. पोलीस ज्या कायद्याखाली त्याला पकडतात तो १८८७ सालचा आहे आणि खेळ त्याआधीपासून पसार आहे.

लहानपणी फलाशची व्युत्पत्ती मी माझ्या मामाकडून ऐकली होती. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. कल्याणला राहायचा, एका कारखान्यात फिटर होता, आणि बढाई मारण्यात त्याचा हात धरणारा मध्य रेल्वेवर दुसरा नव्हता. त्याच्या सांगण्याप्रमाणे कारखान्याचा साहेब त्याला विचारल्याशिवाय यंत्राचे बटण दाबत नसे, आणि कल्याण लोकल त्याला प्लॅटफॉर्मवर पाहिल्याशिवाय सुटत नसे. तर मामाचे म्हणणे, "फलाश हा आपलाच शब्द. जो खेळतो तो कफल्लक होतो, म्हणून त्याचं नाव फलाश. इंग्रजांनी इथनं नेला आणि त्याला तिकडे बोलता येईना म्हणून फ्लश केला!" व्युत्पत्ती साफ चुकीची, पण परिणामाच्या दृष्टीने इतकी बरोबर की वडिलांनीसुद्धा तिला कधी हरकत घेतली नाही.

कोश मात्र वेगळे सांगतात. फ्लश आला फ्रेंच 'फ्लक्स'वरून आणि त्याच्या मागे लॅटिन 'फ्लुक्सुस'. अर्थ, वाहणे, ओघ. एकाच रंगाची पाने ओघाने हातात आली की तो फ्लश. या नावाचा एक खेळच जुन्या युरोपात होता. राब्ले नावाच्या फ्रेंच लेखकाने १५३४ च्या सुमारास 'गार्गांतुआ' नावाच्या अगडबंब राक्षसाची गोष्ट लिहिली. त्यात हा राक्षस जेवून उठला की काय काय खेळतो त्याची यादी आहे. दोनशेच्या वर खेळ आहेत, आणि पहिल्या नंबरावर आहे फ्लक्स. राक्षस झाला तरी जेवणानंतर पत्तेच कुटणार, हे वाचून मला त्याच्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

बाथरूममधला फ्लश कोशात शेजारीच राहतो, पण त्याची नोंद वेगळी आहे. एका चाळीत, एका आडनावाची, पण नात्यातली नव्हेत अशी दोन बिऱ्हाडे असावीत तशी. मी विजयी मुद्रेने नातवाला हे सांगणार, तोच खाली बारीक टायपात आढळले की जुन्या इंग्रजी वैद्यकात 'फ्लक्स' म्हणजे हगवण! म्हणजे पोराचा नेम चुकला होता तो इंचभराने. हे मी विहीणबाईंना कळवलेले नाही.

आणखी एक गंमत. इंग्रजीत ज्याच्या खिशात पैसा खुळखुळतो त्यालाही 'फ्लश' म्हणतात. तेव्हा फ्लश खेळायला बसतो तो फ्लश, आणि उठतो तो, मामाच्या व्युत्पत्तीप्रमाणे, कफल्लक. मधल्या वेळात जो वाहतो तो पैसा. ओघ म्हणजे काय, हे समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण नाही.

इथे माझे संशोधन संपायला हवे होते. पण आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर संख्याशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. माणूस सज्जन, पण कुठल्याही गोष्टीला भागाकार केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी त्यांना जिन्यात गाठून फ्लशचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण आपल्या खेळात त्या हाताला फ्लश म्हणतच नाहीत. कलर म्हणतात."

मी जिन्यातच बसलो. खरेच की! तिन्ही पाने बदामची आली तर आपण "कलर" म्हणतो. खेळाचे नाव फ्लश, आणि ज्याला फ्लश म्हणायचे त्याचे नाव कलर. आणि हा कलर या खेळात राजा म्हणावा तर तसेही नाही. सगळ्यांत वर ट्रेल, म्हणजे तीन एक्के किंवा तीन दुर्र्या. त्याखाली एकाच रंगाची ओळीने आलेली पाने. त्याखाली वेगवेगळ्या रंगांची पण ओळीने आलेली. मग चौथा आमचा कलर. त्याखाली जोडी, आणि शेवटी काहीच नाही. चौथ्या नंबरच्या माणसाच्या नावाने सगळी पेढी चालावी, असा हा प्रकार!

प्राध्यापकांनी तेवढ्यात खिशातून पेन काढले आणि विजेच्या बिलाच्या मागे गणित मांडले. बावन्न पानांतून तीन पाने २२,१०० तऱ्हांनी येऊ शकतात. त्यांत ट्रेल ५२. एका रंगाची ओळ ४८, म्हणजे खरे तर ट्रेलपेक्षाही दुर्मीळ, पण मान खालचा. (गुणवत्ता आणि बढती यांचा संबंध नसतो हे मला सदतीस वर्षांच्या नोकरीत समजले होते, पत्त्यांतही तसेच आहे हे नवीन.) साधी ओळ ७२०. कलर १,०९६, म्हणजे साधारण वीस डावांत एकदा. जोड्या ३,७४४. "आणि आता हे बघा," असे म्हणून त्यांनी एका आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. १६,४४०.

"हे काय?"

"हे काहीच नाही. म्हणजे, हातात काहीच नसण्याच्या तऱ्हा. शेकडा चौऱ्याहत्तर! चार डावांतले तीन डाव, साहेब, माणूस रिकाम्या हाताने बसलेला असतो आणि चेहऱ्याने सांगत असतो की माझ्याकडे ट्रेल आहे."

मग या खेळाचे खरे नाव काय असायला हवे? ते मला त्याच्या आजोळी सापडले. आपल्या तीन पत्तीचे आजोळ इंग्लंडात आहे आणि तिथे तीन पानांच्या खेळाला 'ब्रॅग' म्हणतात. ब्रॅग म्हणजे बढाई! झाकून, पाकून, लॅटिनचा पदर घेऊन नाही, चक्क बढाई. पत्त्यांच्या खेळांचे नियम लिहिणारा जो प्रसिद्ध एडमंड हॉइल, त्याने १७५१ साली या बढाईवर एक छोटेखानी ग्रंथ लिहिला. तीन सारख्या पानांना इंग्रज 'प्रायल' म्हणतात, आणि तो शब्द 'पेअर रॉयल'चा, म्हणजे शाही जोडीचा, बोलून बोलून झालेला चुरा आहे. हे वाचून माझ्या मनावरचे एक ओझे उतरले. ज्यांनी पेअर रॉयलचा प्रायल केला त्यांच्यापुढे फ्लशचा फलाश केल्याबद्दल चाळीने मान खाली घालण्याचे कारण नाही.

या नावांची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली आहे. सिकंदराबादच्या एका क्लबात रमी चालायची, त्या खटल्याचा निकाल न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी नोव्हेंबर १९६७ मध्ये दिला. रमीत गेलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कुठले धरायचे आणि कुठले टाकायचे याला अक्कल लागते, म्हणून ती मुख्यतः कौशल्याची. पण तीन पत्त्यांचा जो खेळ फ्लश, ब्रॅग अशा निरनिराळ्या नावांनी चालतो, तो निव्वळ नशिबाचा, असे त्या निकालात म्हटले आहे. म्हणजे रमी पदवीधर आणि फलाश नापास. न्यायालयापुढे मी काय बोलणार? पाने वाटण्यापुरते ते अगदी खरे आहे. पण पाने वाटून झाल्यावर जे सुरू होते ते नशीब नव्हे, हे मी नऊ वर्षांचा असताना डोळ्यांनी पाहिले आहे. आणि ते सांगायचे तर पुन्हा मामाकडे जावे लागेल.

१९६४ सालची दिवाळी. मामा भाऊबीजेला यायचा तो आदल्या दिवशी पाडव्यालाच येऊन मुक्काम ठोकायचा. आमचे वडील, म्हणजे अण्णा, एका कचेरीत कारकून. वर्षभर पत्त्याला हात लावायचे नाहीत. पण कार्तिक शुद्ध प्रतिपदेला शास्त्रात द्यूतप्रतिपदा म्हटले आहे आणि त्या दिवशी शंकर-पार्वतीसुद्धा सारीपाट खेळले होते, एवढे धर्मशास्त्र त्यांना पाठ होते. बाकीचे धर्मशास्त्र त्यांनी आईवर सोपवले होते.

रात्री जेवणे झाल्यावर सतरंजी पडली. समोरच्या खोलीतले मास्तर, तळमजल्यावरचे शिंपी, अण्णा आणि मामा. पोलिसांच्या सोयीसाठी सांगतो, गोलाकार बसले. "आधी बूट ठेवा," मामा म्हणाला, आणि मी दाराकडे धावत जाऊन अण्णांचे बूट आणून सतरंजीच्या मध्यावर ठेवले. आदल्या दिवशीचे लक्ष्मीपूजन, चौरंग अजून हललेला नव्हता! आईने जो कडकडाट केला त्यापुढे चाळीतले लक्ष्मीबार फिके पडले. बूट म्हणजे डावाच्या आरंभी प्रत्येकाने ठेवायचे पैसे, हे ज्ञान मला पाठीवर धपाटा खाऊन मिळाले. समजूत काढायला मामाने मला आपल्या मागे बसवले. "भाचा पाठीशी असला की माझं पान पडतच नाही," तो म्हणाला. मला त्याच्या खांद्यावरून पाने दिसत. तोंड उघडायचे नाही, एवढीच अट.

चार आण्यांच्या बुटापासून सुरू झालेला खेळ मध्यरात्रीपर्यंत कुठे गेला ते मला तेव्हा समजत नव्हते. मास्तर ब्लाइंड खेळण्यात सुधारणावादी निघाले. पाने न पाहताच पैसे टाकत राहिले आणि लवकर बुडाले. अण्णा हरत होते. त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशातले संपले, मग आतल्या खिशातले. मग ते पाणी प्यायच्या निमित्ताने उठून स्वयंपाकघरात गेले. आई आत झोपली होती. परत आले तेव्हा त्यांच्या मुठीत पुरचुंडी होती. ती पुरचुंडी मला ठाऊक होती. तांदळाच्या डब्यात ती वाण्याच्या नावाने असायची. त्यात एक्केचाळीस रुपये होते. पाच तारखेला वाणी यायचा आणि दारात उभा राहून मोठ्याने खोकायचा.

मामाने पुरचुंडीकडे पाहिले. काही बोलला नाही. त्या रात्रीतला त्याचा तो पहिला गप्प राहिलेला क्षण असेल.

पुढच्याच डावात व्हायचे ते झाले. शिंपी पॅक झाले, मास्तर पॅक झाले, आणि उरले अण्णा आणि मामा. अण्णा चाल करत राहिले, मामा चाल करत राहिला. मध्ये नोटांची आणि नाण्यांची रास झाली. अण्णांचा हात थरथरत होता. तोंडाने मात्र ते म्हणत होते, "विचार कर हं. अजून वेळ गेली नाही. माझ्याकडे काय आहे ते तुला ठाऊक नाही." पुरचुंडीत शेवटची पाचाची नोट होती. त्यांनी तीही टाकली.

मी मामाच्या खांद्यावरून वाकून पाहिले. दुर्री, छक्की आणि राणी. तिन्ही लाल. तिन्ही बदाम. मला त्या वयात ट्रेल ठाऊक नव्हता, ओळ ठाऊक नव्हती, पण बदाम-सात खेळून रंग मात्र पक्का ठाऊक होता. मी आनंदाने तोंड उघडले. मामाने मागे वळूनही न पाहता ताटलीतली एक अख्खी करंजी माझ्या तोंडात कोंबली, हातातली तिन्ही पाने उपडी करून कॅटमध्ये सरकवली, आणि म्हणाला,

"दाजी, तुमच्यापुढे आपलं नाही चालायचं. पॅक."

अण्णांनी आपली पाने पालथ्याची उलथी केली. सत्त्यांची जोडी होती. मास्तर आणि शिंपी यांनी जी हाक फोडली तिने आई जागी झाली. एक्क्याण्णव रुपये! अण्णांनी त्यांतले एक्केचाळीस मोजून मुठीत धरले आणि पुन्हा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. मी करंजी चघळत होतो. इतकी कोरडी करंजी मी पुन्हा खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. आईने मामाला ओवाळले. मामाने खिशात हात घातला, बराच वेळ घातला, आणि ओवाळणी टाकली सव्वा रुपया.

आईचे तोंड उतरले. मामा दरवर्षी पातळ आणायचा, निदान दहाची नोट तरी. त्या वर्षी सव्वा रुपया! "महागाई फार आहे, ताई," तो म्हणाला, आणि बसला पैसे कशाला घालवायचे, पायी चालणे प्रकृतीला चांगले असते, असे एक व्याख्यान देऊन गिरगावातून बोरीबंदरपर्यंत चालत गेला. रेल्वेचा पास होता म्हणून कल्याणला पोचला.

त्यानंतर घरात दोन कथा रूढ झाल्या. एक अण्णांची. कोणी पाहुणा आला की ते सांगत, नुसत्या सत्त्यांच्या जोडीवर मी आमच्या मेहुण्याला कसा घाबरवला! मी डोळ्याला डोळा भिडवला आणि याची पाने गळाली! दर वर्षी त्या रात्रीची रक्कम थोडी वाढायची. मामा समोर बसलेला असायचा. जो माणूस कल्याण लोकल थांबवायचा, तो मान हलवून म्हणायचा, "खरं आहे. दाजींचा डोळा म्हणजे डोळा. आपण घाबरलो." अण्णांनी त्या रात्रीनंतर पैशांवर पुन्हा पाने हातात घेतली नाहीत. कळसाला पोचल्यावर माणसाने थांबावे, असे कारण ते देत.

दुसरी कथा आईची. "सव्वा रुपया घातलान हो माझ्या ओवाळणीत. पत्त्यांत उधळायला होते, बहिणीला द्यायला नव्हते." ही कथा तिने चाळीस वर्षे सांगितली, आणि बहुतेक वेळा मामाच्या तोंडावर. तेव्हाही मामा मान हलवायचा.

आणि मी गप्प. कारण ओवाळणी आदल्या रात्रीच पडली होती हे आईला सांगायचे, तर ती ज्या पुरचुंडीत पडली ती कुठून निघाली होती तेही सांगावे लागले असते. मामाची बाजू उघड करायची तर अण्णांची झाकता येत नव्हती. नवव्या वर्षी तोंडात कोंबलेली ती करंजी मी अण्णा जाईपर्यंत गिळली नाही, आणि आई जाईपर्यंतही नाही.

२००९ साली मामाची पंचाहत्तरी झाली. पाहुणे पांगल्यावर आम्ही दोघेच गॅलरीत बसलो होतो. मी धीर करून म्हणालो, "मामा, त्या पाडव्याला तुझ्याकडे कलर होता."

"कुठला पाडवा?"

"चौसष्टचा. दुर्री, छक्की, राणी. तिन्ही बदाम. मी पाहिलं होतं."

मामा खो खो हसला. "अरे भाच्या, नऊ वर्षांचा होतास तू. राणी चौकटची होती! दोन बदाम आणि एक चौकट. सगळंच लाल, तुला काय समजतंय? माझ्याकडे काही नव्हतं. काही म्हणजे काहीच नाही. दाजींनी घाबरवलं मला."

मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. पंचाहत्तर वर्षांच्या त्या चेहऱ्यावर एक सुरकुती इकडची तिकडे झाली नाही. आणि खरे सांगतो, त्या क्षणी माझी खात्री डळमळली. राणी बदामचीच होती ना? कंदिलाच्या उजेडात चौकट आणि बदाम... शो मागायची सोय नव्हती. ती पाने पंचेचाळीस वर्षांपूर्वी कॅटमध्ये पिसली गेली होती.

थोड्या वेळाने तोच आपणहून म्हणाला, "एक मात्र आहे. ताई सव्वा रुपयावरून मला जन्मभर बोलली. पण त्या भाऊबीजेला निघताना तिने माझ्या पिशवीत सगळ्या करंज्या भरून दिल्या होत्या. तुम्हा पोरांना एक नाही ठेवली. का दिल्या, ते मी विचारलं नाही."

आणि मग त्याने त्याच्या पंचाहत्तरीला खुद्द कारखान्याचे मालक कसे येणार होते, ते सांगायला सुरुवात केली.

परवा नातवाला मी त्याचे तुंबलेले प्रकरण निकालात काढून दिले. फ्लश म्हणजे ओघ, ब्रॅग म्हणजे बढाई, आणि तिर्रट, तीन पानी, फलाश ही सगळी एकाच इसमाची नावे. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले. तो मोबाइलवर तीन पत्ती खेळत होता. पैसे लावायचे ऑनलाइन खेळ संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंद केले. हा खेळतो त्यात नुसत्या खोट्या चिप्स. त्याच्याकडे त्या तीन कोटी होत्या. अण्णांच्या पुरचुंडीइतकेही वजन त्यांना नव्हते.

"आजोबा, हा समोरचा पॅक झाला. त्याच्याकडे काय होतं ते मला बघता का येत नाही?"

"तसा नियम आहे," मी म्हणालो.

"असा काय नियम?"

खाते माझे होते. मी घसा साफ केला. पण ही आतून करंज्यांची ताटली घेऊन आली, आणि त्याने पुढे काही विचारायच्या आत मी एक अख्खी उचलून त्याच्या तोंडात घातली.